‘एकटी ये’ अशा अटीवर बोलावले आहे. शेवटच्या आजारात वडिलांना भेटायला जावे का?

कृष्णाकाठची

नमस्कार. विषय घरचा असल्यामुळे गावाचे नाव लिहीत नाही. कराड तालुक्यातील एक गाव, एवढे पुरे आहे. माझे माहेर मराठा आणि पती बौद्ध. २००६ साली आम्ही पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. ती प्रत साताऱ्यात फलकावर लागली, कुणा ओळखीच्याने वाचली, आणि मी सुट्टीला घरी जाऊन सांगण्याआधीच वडिलांपर्यंत बातमी पोहोचली.

वडील, म्हणजे आमचे आण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाहू, फुले, आंबेडकर यांच्या जयंतीला त्यांचे भाषण ऐकायला शेजारच्या गावांतून माणसे येत. याच माणसाने माझ्या लग्नानंतर जिवंत मुलीचे दहावे घातले, भिंतीवरचे माझे फोटो उतरवले आणि नव्याने ओळख झालेल्यांना आपल्याला एकच मुलगा असल्याचे सांगायला सुरुवात केली. आई अधूनमधून शेजारणीच्या फोनवरून माझ्याशी बोलत असे. २०१५ मध्ये ती गेली. मला ते तेरावे उरकल्यानंतर मावसबहिणीकडून समजले, कारण मला कळवायचे नाही असे आण्णांनी सगळ्यांना बजावले होते. फोटो उतरवल्याचे दुःख आता बोथट झाले आहे. आईचे शेवटचे दर्शन नाकारले, ते मात्र झालेले नाही.

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. आण्णांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो हाडांत व यकृतात पसरला आहे. केमो थांबवून त्यांना घरी आणले आहे, ऑक्सिजनचे मशीन लावले आहे, आणि डॉक्टर आता आठवड्यांची भाषा करतात. भाऊ म्हणाला, “ते तुझं नाव घेत नाहीत, पण तू येऊन जा. फक्त एकटी ये, भावकीत चर्चा नको.”

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एकटीने गेले तर इतकी वर्षे जे मी नाकारले तेच उंबरठ्यावर मान्य केल्यासारखे होईल का? मनात क्षमा नसताना आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसणे हे ढोंग ठरते का? आणि आईबद्दल त्यांना विचारावे की तो विषय गिळून टाकावा? पती “तू ठरव, माझी काळजी करू नकोस” एवढेच म्हणतात.

परिचारिका_पश्चिम

ताई, मी घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्या एका पथकात परिचारिका आहे. जावे की नाही याचा निर्णय मी देणार नाही, पण तो घेण्याआधी काही गोष्टी तुमच्या हाताशी असाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘एकटी ये’ ही अट नेमकी कोणाची आहे ते शोधा. तुमच्या लिहिण्यात ते वाक्य भावाचे आहे, वडिलांचे नाही. रुग्ण बोलत नसला की त्याच्या वतीने घरातली माणसे बोलू लागतात, आणि त्यात रुग्णाची इच्छा किती आणि सेवा करणाऱ्याची धास्ती किती हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. असे कितीतरी निरोप मी ऐकले आहेत, जे प्रत्यक्ष विचारल्यावर रुग्णाने दिलेलेच नव्हते असे निघाले. भावाला सांगा की सकाळी, श्वास त्यातल्या त्यात बरा असताना, फोन आण्णांच्या कानाशी धर. तुम्ही कोण बोलत आहात ते सांगा, आणि मी येऊ का एवढेच विचारा. नको म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे. तुम्हीही मग दुसऱ्याच्या अंदाजावर निर्णय घेतला असे होणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. रुग्णाची तब्येत महिन्यामहिन्याने उतरत असेल तर साधारण महिने हाताशी असतात, आठवड्याआठवड्याने उतरत असेल तर आठवडे, आणि कालच्यापेक्षा आज फरक दिसू लागला तर दिवस. दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत जाणे, पाण्याचे दोन घोटच घेणे, गोळी गिळता न येणे ही लक्षणे सुरू झाली आहेत का ते भावाला विचारा. बोलण्याची संधी श्वासाच्या बऱ्याच आधी संपते, हे घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हाडांत पसरलेल्या कर्करोगात रक्तातले कॅल्शियम वाढू शकते, यकृत थकते, ऑक्सिजन कमी पडतो, आणि या सगळ्यांमुळे माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, विशेषतः संध्याकाळनंतर. तशा अवस्थेत त्यांनी तुम्हाला हाकलले किंवा उलट अतिशय प्रेमाने जवळ घेतले, तरी त्यातला कोणताही शब्द इतक्या वर्षांचा निकाल म्हणून घेऊ नका.

त्यांचे दुखणे आणि धाप आटोक्यात आहे का, हेही आवर्जून विचारा. वेदनेत असलेला माणूस कोणाशीही समेट करू शकत नाही. आपल्याकडे मॉर्फिन म्हटले की शेवट आला असे समजतात. प्रत्यक्षात योग्य मात्रेतले मॉर्फिन मरण जवळ आणत नाही, वेदना आणि धाप दोन्ही कमी करते. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते रुग्णांपर्यंत पोहोचवण्याची प्रक्रिया सोपी झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते लिहून देणारा डॉक्टर शोधावाच लागतो. तुम्ही पुण्यात आहात, तर वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात चौकशी करा. तिथली सेवा विनामूल्य आहे. भेटीआधी तुम्ही एवढे काम केले, तरी भावाचा बराच भार हलका होईल.

भेट झालीच तर ती दहा-पंधरा मिनिटांची ठेवा आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा आत जा. उभ्याने बोलू नका. त्यांच्या नजरेच्या पातळीवर खुर्ची घ्या. काही खाऊ घालण्याचा आग्रह करू नका, कारण या टप्प्यावर भूक मरणे हा आजाराचाच भाग असतो. आईचा विषय पहिल्या भेटीत प्रश्न म्हणून काढू नये असे माझे मत आहे, कारण ‘का कळवले नाही’ याचे उत्तर देण्याइतका श्वास त्यांच्याकडे नसेल. तो सांगता मात्र येतो: “आईच्या वेळी मला कळवलं नाही, ते अजून सलतं.” एवढे बोलून थांबावे. उत्तर आले तर ऐकावे, नाही आले तरी तुमचे बोलणे त्यांच्यापर्यंत गेलेले असते.

आमच्या प्रशिक्षणात निरोपाची चार वाक्ये सांगतात: मला माफ करा, मी तुम्हाला माफ केले, तुमचे आभार, माझे तुमच्यावर प्रेम आहे. चारही म्हटलीच पाहिजेत असे नाही. जे खरे नसेल ते म्हणू नका. तुमच्या बाबतीत त्यातले एखादेच खरे असेल, कदाचित एकही नसेल. आपल्या घरांमध्ये वडिलांना यातले काहीही असे उघड म्हणण्याची रीत नाही, आणि उशी नीट करून देण्यानेही बरेच काही पोहोचते.

माणदेशी

मी तुमच्या पतीच्या जागी होतो, म्हणून लिहितो. पत्नीचे माहेर सोलापूर जिल्ह्यातले, आणि सासऱ्यांनी आमच्याशी असेच संबंध तोडले होते. त्यांच्या शेवटच्या आजारात निरोप आला तेव्हा मीही “तू ठरव” असेच म्हणालो होतो. त्या वाक्याचा अर्थ ‘मला काही वाटत नाही’ असा नव्हता. तू गेली नाहीस तर त्याचे कारण मी ठरू नये, एवढीच माझी इच्छा होती. तेव्हा पतीच्या मोठेपणावर विसंबून विषय मिटवू नका. त्यांना थेट विचारा: तुम्हाला दारापर्यंत यायचे आहे का, आत यायचे आहे का, की पुण्यातच थांबायचे आहे? तिन्हींतले काहीही ते निवडू शकतात, पण निवड त्यांनी करावी, तुमच्या भावाने त्यांच्या वतीने करू नये.

वरच्या ताईंचे म्हणणे अनुभवाचे आहे आणि बहुतेक मला पटते. एका गोष्टीत मात्र सावध राहायला हवे. वेळ थोडा आहे, वेळ थोडा आहे, असे म्हणता म्हणता समेटाचे सगळे ओझे ज्याचा अपमान झाला त्याच्याच डोक्यावर येऊन बसते. ज्यांनी जिवंत मुलीचे दहावे घातले त्यांनाही गेली कितीतरी वर्षे वेळ होता. मरणाच्या दारातल्या माणसाविषयी कणव वाटणे वेगळे आणि जातीच्या अटी निमूटपणे पाळणे वेगळे. पहिल्यासाठी दुसरे करावे लागत नाही. माझ्या पत्नीने तेव्हा भावाला स्पष्ट सांगितले होते की मला नवराच घेऊन येणार, तो दारापर्यंत येणार, पुढचे घरातल्यांनी ठरवावे. घरातल्यांनी मला आत बोलावले नाही. मी चावडीसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो आणि तासाभराने आम्ही परतलो. तो प्रकार मला आजही आवडलेला नाही. पण आत न घेण्याची लाज त्यांच्या पदरात राहिली, लपण्याची आमच्या पदरात पडली नाही.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा, जो तुमच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भेटीपेक्षाही आधी भावाकडून एक शब्द घ्या: आण्णा गेले तर तो तुम्हाला लगेच फोन करेल आणि तुम्ही पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबवेल. पुणे ते कराड साधारण एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे तीन-साडेतीन तासांचे अंतर आहे. तेवढे थांबणे अशक्य नाही. आईच्या वेळी जे झाले ते दुसऱ्यांदा होऊ नये याची तजवीज तुम्ही आत्ताच करू शकता, आणि त्यासाठी वडिलांनी काही कबूल करण्याचीही गरज नाही.

अनामिका_७१

न जाणाऱ्यांच्या बाजूनेही कोणीतरी लिहावे म्हणून लिहिते. माझे वडील दारू पिऊन आईला मारत, पुढे आम्हालाही. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी गेले नाही. ऑक्सिजन मशीनचे भाडे आणि रात्रीच्या मावशींचा पगार मी पाठवत राहिले, पण खोलीत पाऊल ठेवले नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर यांनी दुरावलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आहे. ज्यांचे संबंध पुन्हा जुळले अशा लोकांपैकी बहुतेकांनी, भूतकाळ माझ्याच नजरेने बघ आणि चूक कबूल कर, हा आग्रह सोडून दिल्याचे त्यांना आढळले. मला तो सोडता येत नव्हता. गेले असते तर कबुलीच मागितली असती, आणि मरणाऱ्या माणसाकडून ती मिळाली नसती किंवा भीतीपोटी मिळाली असती. “नंतर पस्तावशील” असे मला बऱ्याच जणांनी सांगितले होते. तसे काही झालेले नाही. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, हे तेवढे खरे. शेवटी दर्भाचा कावळा करून गुरुजींनी मार्ग काढला.

तुमच्या प्रश्नाविषयी एवढेच म्हणेन की क्षमा नसताना जाणे हे ढोंग नाही. क्षमा केल्याचे भासवणे हे ढोंग. तुम्हाला कबुलीशिवाय त्या खोलीत दहा मिनिटे बसता येईल का, याचा विचार स्वतःशी करा. बसता येणार असेल तर जा.

ॲड_कोर्टकचेरी

विषय नाजूक आहे, तरी मिळकतीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. दुरावलेली मुलगी शेवटच्या आजारात घरी आली की भावकीतल्या कोणाच्या तरी मनात ‘ही वाटणीसाठी आली’ असे येतेच, आणि काही वेळा त्याच भेटीत हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला जातो.

कायद्याची स्थिती अशी आहे. आंतरजातीय विवाहामुळे तुमचा वारसाहक्क जात नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये अशा लग्नाने एकत्र कुटुंबापासून विभक्त झाल्याचे मानले जाते, आणि गावाकडचे जाणकार हेच कलम दाखवून ‘तुझा संबंध संपला’ असे सांगतात. पण १९७६ साली त्यात कलम २१अ घातले गेले. वर आणि वधू दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर कलम १९ लागू होत नाही. तुमचे लग्न त्यातच बसते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ते निःसंदिग्ध केले आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले असेल तर ते तसेच राहते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे म्हणाल तर ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. ते हयात असेपर्यंत त्या मिळकतीत तुमचा हक्क निर्माणच झालेला नसतो, म्हणून त्याचे ‘हक्कसोड’ आत्ता लिहून घेण्याला साधारणपणे अर्थ नसतो.

माझा सल्ला असा की निघण्यापूर्वीच भावाला फोनवर सांगावे: मी मिळकतीसाठी येत नाही आणि या भेटीत कोणत्याही कागदावर सहीही करणार नाही. दोन्ही वाक्ये एकत्र सांगा, नुसते पहिले नको. भावनेच्या भरात “मला काही नको” असे चार माणसांत बोलून बसणाऱ्या लेकी मी वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे खेटे घालताना पाहतो.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. भावाला भावकीकडून वाळीत टाकले जाण्याची भीती असेल तर त्याला हे माहीत असू द्या. आजारी माणसाच्या घरात मात्र ही भाषा काढू नका.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. परिचारिका ताईंनी सुचवल्याप्रमाणे भावाला फोन आण्णांच्या कानाशी धरायला सांगितले. मी नाव सांगितले, तेव्हा बराच वेळ फक्त मशीनचा आवाज येत होता. मी येऊ का, असे विचारल्यावर “ये” म्हणाले. मला हे घेऊन येतील असे मी सांगितले आणि पतीचे नाव घेतले. पुन्हा थोडा वेळ गेला. मग, “घाटात गर्दी असते, सकाळी लवकर निघा,” एवढे म्हणाले आणि दम लागला म्हणून भावाने फोन काढून घेतला. त्यातून मी काही मोठा अर्थ काढत नाही.

भावाने नंतर मान्य केले की एकटीने येण्याची गोष्ट आण्णांनी काढलीच नव्हती. ती चुलत्यांची होती आणि काही अंशी त्याची स्वतःची. पतीला विचारले तर त्यांनी दारापर्यंत येण्याचे आणि आतून बोलावले तरच आत येण्याचे ठरवले आहे. सही न करण्याचेही मी भावाला सांगितले. त्याला राग आला, पण “बरं” म्हणाला. क्षमेच्या बाबतीत माझ्या मनात काहीही बदललेले नाही, आणि अनामिका ताईंमुळे ते तसेच घेऊन जायला मला आता संकोच वाटत नाही. शनिवारी निघतो आहोत.

एक नवा प्रश्न आहे. माझी मुलगी अकरावीत आहे. तिने आजोबांना कधी पाहिलेले नाही आणि आता तीही येते म्हणते आहे. इतक्या आजारी माणसाची पहिली आणि बहुधा शेवटची भेट तिच्यासाठी योग्य आहे का?

परिचारिका_पश्चिम

तिला यायचे असेल तर आणा, पण काय दिसेल ते आधी सांगून आणा: गालफडे बसलेली असतील, नाकाला नळी असेल, बोलता बोलता डोळे मिटतील, खोकल्यात रक्त दिसू शकते, आणि खोलीला औषधांचा वास असेल. नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येईल हेही सांगा. त्यासाठी कोणाची परवानगी लागू नये. पहिल्या वेळी तुम्ही एकट्याच आत जा, कारण तुमचे आणि त्यांचे पहिले काही क्षण तिच्यावर सोपवणे बरोबर नाही. नंतर ती आत आली तर ओळख एका वाक्यात करून द्या आणि पाया पडायला लावू नका; तिचे तिला ठरवू द्या. दहा दिवसांपूर्वीपर्यंत तिच्या लेखी ते फक्त एक न सांगितलेले नाव होते, तेव्हा तिने रडायलाच हवे अशीही अपेक्षा कोणी करू नये.

मॉर्फिन सुरू झाले असेल तर डोसच्या वेळा भावाकडून विचारून घ्या. तोंडाने घेतलेल्या साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात चांगला जाणवतो, त्या बेताने आत जा. नुकतेच सुरू झाले असेल तर पहिले दोन-तीन दिवस गुंगी जास्त असते; शनिवारी ते झोपलेलेच दिसले तर कराडमध्ये मुक्काम करून रविवारी सकाळी पुन्हा जा. आणि माणदेशींनी सुचवलेला अंत्यविधीच्या निरोपाचा विषय तुमच्या उत्तरात दिसला नाही. तो परतण्यापूर्वी भावाशी बोलून घ्या, आजाऱ्याच्या खोलीत नव्हे, बाहेर पडवीत. आणि मावसबहिणीचा नंबरही त्याला देऊन ठेवा, म्हणजे तुमचा फोन लागला नाही तरी निरोप अडणार नाही.